क्यूबेस आत्ता घ्यावं की थांबावं? आणि 'पुढचा नंबर कुणाचा' याबद्दल थोडं सविस्तर

प्रश्न थोडक्यात असा आलाय: सांगलीत घरच्याच एका खोलीत स्टुडिओ, भजनं, शाळेच्या गॅदरिंगची गाणी, अधूनमधून दुकानांच्या जाहिराती. इंटरफेसबरोबर (माइक कॉम्प्युटरला जोडायची पेटी) फुकट मिळालेलं क्यूबेस एआय, म्हणजे क्यूबेस या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरचं छोटं व्हर्जन, तीन वर्षं वापरून झालंय, चाळीसेक हजार साठलेत, आता मोठं व्हर्जन घ्यायचंय. पण मित्राने घाबरवलं की प्रो टूल्सवाली अ‍ॅव्हिड विकली गेली, केकवॉक बंद पडून परत उभं राहिलं, प्रीसोनस गिटारवाल्या फेंडरने घेतली, या सगळ्या अशाच सॉफ्टवेअरच्या कंपन्या, मग उद्या क्यूबेस कुणी घेतलं तर? म्हणून विचारलंय, "पुढचा नंबर कुणाचा, आणि कुणावर पैसे लावले तर सेफ?"

उत्तर लांब होणार आहे, चहा घेऊन बसा. मी पुण्यात चोवीस-पंचवीस वर्षं रेकॉर्डिंग करतोय, तळमजल्यावरची एक खोली, इंजिनिअर मीच, केबल सोल्डर करणारा मीच, पखवाजवाल्यांसाठी कणीक मळून ठेवणारा पण मीच. कंपन्यांच्या आतलं मला काही कळत नाही, शेअर बाजाराचा तर संबंधच नाही. पण या पंचवीस वर्षांत हातातली चार सॉफ्टवेअर बदलली, त्यातली दोन मला नको असताना बदलावी लागली, तेव्हा 'कंपनी विकली गेली' या बातमीचा माझ्या टेबलावर काय परिणाम होतो एवढं मात्र नीट बघितलंय.

तुमची खरी काळजी वेगळी आहे असं मला वाटतं. अ‍ॅव्हिड कुणाच्या खिशात गेली याने सांगलीतल्या खोलीत काही फरक पडत नाही. आज जे भजन रेकॉर्ड करताय ते दहा वर्षांनी उघडेल का, घातलेले पैसे फुकट जातील का, आणि चाळिशीत परत पहिल्यापासून शॉर्टकट पाठ करावे लागतील का, ही काळजी आहे. या तिन्हीची उत्तरं वेगवेगळी आहेत. काही गोष्टी तुमच्यावरही अवलंबून आहेत, म्हणजे मुंबईतल्या फिल्म पोस्टचं काम येतं का, मशीन विंडोज आहे की मॅक, हे तुम्ही लिहिलेलं नाही. 'विंडोज, फिल्मचं काम नाही' असं धरून चालतो.

आता विक्रीचं. बातमी आली की सगळे 'कुणी घेतलं' ते बघतात. मी बघतो की घेणाऱ्याचं पोट कशावर भरतं. सॉफ्टवेअर हा त्याचा मुख्य धंदा आहे, की दुसरं काहीतरी विकण्यासाठी ते हवंय, की काही वर्षांनी जास्त किमतीला परत विकायचंय? एवढं कळलं की पुढचं बरंच आपोआप कळतं.

सगळ्यात जुनं आणि सगळ्यात कडक उदाहरण इमॅजिकचं. लॉजिक हे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर बनवणारी ही जर्मन कंपनी अ‍ॅपलने जुलै २००२ मध्ये घेतली, आणि त्याच घोषणेत सांगून टाकलं की विंडोजवरची प्रॉडक्ट्स ३० सप्टेंबरला बंद. तीन महिने, संपलं. इमॅजिकच्या उत्पन्नाचा ६५ टक्क्यांहून जास्त भाग तेव्हाच मॅकवरून येत होता, पण उरलेले लोक होतेच ना, त्यांनी लायसन्स विकत घेतलेलं, डोंगल (लायसन्सची किल्ली) विकत घेतलेला, हातात सवय बसलेली. मी तेव्हा एका स्टुडिओत असिस्टंट होतो आणि तिथल्या सीनियर इंजिनिअरचा चेहरा मला अजून आठवतो, कारण नवीन पीसी त्यांनी त्याच उन्हाळ्यात असेंबल करून घेतला होता. आता अ‍ॅपलच्या बाजूने बघा. त्यांना मशीन विकायचं होतं. लॉजिक हे त्या मशीनपर्यंत येण्याचं कारण, मग ते दुसऱ्याच्या मशीनवर चालू कशाला ठेवतील? इमॅजिकचे संस्थापक गेरहार्ड लेंगेलिंग अ‍ॅपलमध्येच राहिले, जानेवारी २००४ मध्ये गराजबँड आलं, २०१३ ला लॉजिक प्रो एक्स दोनशे डॉलरला आलं, ज्या किमतीत दुसऱ्यांचं अर्धं सॉफ्टवेअर पण मिळत नव्हतं. लॉजिकचं भलंच झालं. विंडोजवाल्यांचं नाही. म्हणजे विक्री 'चांगली झाली की वाईट' याचं उत्तर तुम्ही कुठल्या बाजूला उभे होता त्यावर आहे.

आता तुमचं क्यूबेस. मित्राला सांगा की क्यूबेस विकलं जाईल का ही भीती वीस वर्षं उशिरा आलीय, ते दोनदा विकलं गेलंय. २००३ मध्ये क्यूबेस बनवणारी स्टाइनबर्ग ही कंपनी पिनॅकल नावाच्या व्हिडिओ हार्डवेअरवाल्या अमेरिकन कंपनीने घेतली. त्यांना ते काही झेपलं नाही आणि दोन वर्षांच्या आत, डिसेंबर २००४ ला, यामाहाला विकलं. गंमत पुढे आहे. त्यानंतर तीनच महिन्यांत अ‍ॅव्हिडने जाहीर केलं की आम्ही पिनॅकल घेतोय. पिनॅकलने अजून एक तिमाही कळ काढली असती तर क्यूबेस आणि प्रो टूल्स एकाच मालकाच्या घरात गेले असते, आणि मग त्यातलं कुठलं जगलं असतं याचा विचार न केलेला बरा. यामाहाने काय केलं? फारसं काही नाही, आणि तेच त्यांचं मोठेपण. हँबर्गचं ऑफिस हँबर्गमध्येच ठेवलं, नाव तेच ठेवलं, आपल्या मिक्सर-कीबोर्ड-इंटरफेसबरोबर छोटं व्हर्जन द्यायला सुरुवात केली (तुमचं एआय तेच, नावातलं एआय या हल्लीच्या एआयच्या फार आधीचं आहे). यामाहा पियानोपासून मोटरसायकलच्या भाऊबंद कंपनीपर्यंत पसरलेलं खानदान आहे, क्यूबेसच्या नफ्यावर त्यांची चूल पेटत नाही. असा श्रीमंत आणि जरा संथ मालक सॉफ्टवेअरला मानवतो, असं माझं मत झालंय.

वाद्यं बनवणारा मालक मिळाला की सगळं आलबेल, असंही नाही. गिब्सन बघा. गिटारवाली गिब्सन. १९९८ मध्ये त्यांनी ऑपकोड घेतली, ही तीच कंपनी जिच्या स्टुडिओ व्हिजनमध्ये १९९० लाच मिडी (वाजवलेल्या सुरांची नोंद) आणि ऑडिओ एका खिडकीत आले होते, म्हणजे आपण आज जे रोज वापरतो त्याची आजी. वर्षभरात काम ठप्प. मग २०१३ मध्ये त्याच गिब्सनने रोलंडकडून केकवॉक घेतली. केकवॉक १९८७ पासूनची, सोनार बनवणारी, आणि बॉस्टनवाली असूनही आपल्याकडे विंडोजवर काम करणाऱ्यांत बऱ्यापैकी पसरलेली. गिब्सनला तेव्हा नुसती गिटार कंपनी राहायचं नव्हतं, हेडफोन-स्पीकर-होम ऑडिओ असं सगळं करायचं होतं, त्यासाठी फिलिप्सचा ऑडिओचा धंदा कर्ज काढून घेतला. नोव्हेंबर २०१७ मध्ये केकवॉकचं काम थांबवल्याचं जाहीर झालं, आणि मे २०१८ मध्ये गिब्सन स्वतःच दिवाळखोरीच्या कोर्टात उभी.

यातली एक गोष्ट मला फार शिकवून गेली. बंद पडायच्या साधारण वर्षभर आधी सोनारवर 'लाइफटाइम अपडेट्स'ची स्कीम आली होती, एकदा पैसे भरा आणि आयुष्यभर फुकट. लोकांनी भरले. आयुष्य कुणाचं ते कुणी विचारलं नाही. तेव्हापासून ज्या कंपनीने याआधी कधी लाइफटाइम दिलं नाही तिने अचानक द्यायला सुरुवात केली की मी कान टवकारतो, कारण ते बऱ्याचदा उद्याच्या पगाराचे पैसे आज गोळा करणं असतं. उलट एफएल स्टुडिओवाली बेल्जियमची इमेज-लाइन वीस वर्षांहून जास्त काळ फुकट अपडेट देतेय, ती तिची रोजची भाकरी आहे, त्यात घाबरायचं काही नाही. स्कीम तीच, पण अर्थ दोन्हीकडे वेगळा.

केकवॉकची गोष्ट तिथे संपली नाही. फेब्रुवारी २०१८ मध्ये सिंगापूरच्या बँडलॅबने कोड विकत घेतला आणि दोन महिन्यांत सोनार चक्क फुकट वाटायला सुरुवात केली. बँडलॅबला करोडो पोरं मोबाइलवर गाणी करायला हवी होती, त्यांच्यासाठी एक भारदस्त डेस्कटॉप सॉफ्टवेअर आयतं मिळालं. लाइफटाइमवाल्यांची चिडचिड समजू शकतो, पैसे त्यांनी भरले आणि फुकट सगळ्यांना मिळालं. पण त्यांची सेशन्स, म्हणजे जुनी प्रोजेक्ट, उघडली, हे विसरू नका.

आता यातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट सांगतो. ती रेकॉर्डिंगची नाही, नोटेशनची आहे, पण याहून चांगलं उदाहरण नाही. सिबेलियस हे स्टाफ नोटेशन लिहायचं इंग्लंडमधलं सॉफ्टवेअर, फिन बंधूंनी बनवलेलं, अ‍ॅव्हिडने २००६ मध्ये घेतलं. २०१२ मध्ये अ‍ॅव्हिड पैशाच्या तंगीत आली, एम-ऑडिओ विकून टाकली आणि सिबेलियसचं लंडनचं ऑफिस बंद केलं. म्हणजे नाव अ‍ॅव्हिडकडे, कोड अ‍ॅव्हिडकडे, ग्राहक अ‍ॅव्हिडकडे, आणि ते सॉफ्टवेअर ज्यांच्या डोक्यात होतं ती माणसं रस्त्यावर. स्टाइनबर्गने काय केलं, ती टीमच कामावर घेतली. कंपनी नाही, कोड नाही, नुसती माणसं. त्यांनी चार वर्षं खपून २०१६ मध्ये डोरिको हे नवं नोटेशन सॉफ्टवेअर आणलं. आणि ऑगस्ट २०२४ मध्ये सिबेलियसचा जुना प्रतिस्पर्धी फिनाले पस्तीस वर्षांनी बंद करायचं ठरलं, तेव्हा फिनालेच्या मालकांनी आपल्या गिऱ्हाइकांना कुठे जा म्हणून सांगितलं माहितेय? डोरिकोकडे.

म्हणून विक्रीची बातमी आली की मी किंमत किती, शेअर किती ते वाचत नाही. मी बघतो की जुनी माणसं राहिलीत का. कसं कळतं? युझर फोरमवर बग्जना उत्तर देणारी दोन-तीन नावं असतात, ती सहा महिन्यांनी पण उत्तर देतायत का बघा. रिलीज नोट्स वाचा, 'इम्प्रूव्ड स्टॅबिलिटी' एवढंच लिहिलेलं असेल आणि लोकांनी दोन वर्षं रडून मागितलेली दुरुस्ती तशीच पडून असेल तर समजा की घरात कुणी नाही, नुसता दिवा चालू ठेवलाय.

तिसरा प्रकार फंडवाल्यांचा. याचं गणित सरळ आहे, मी त्यांना शिव्या देणार नाही. बाहेरच्यांचे पैसे आणि कर्ज घालून कंपनी घ्यायची, खर्च छाटायचा, दर महिन्याला ठरलेले पैसे येतील अशी व्यवस्था लावायची, आणि चार-सहा वर्षांत विकून बाहेर पडायचं. जमीन घेऊन प्लॉट पाडणारे असतात ना, तसंच. अ‍ॅव्हिड २०२३ मध्ये एसटीजी नावाच्या अशाच फंडाने साधारण १.४ अब्ज डॉलरला घेतली आणि ती नॅसडॅक या शेअर बाजारावरून उतरली. (या एसटीजीची स्थापना आयआयटी बॉम्बेचे माजी विद्यार्थी रोमेश वाधवानी यांची, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.) नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्समध्ये २०२१ ला फ्रान्सिस्को पार्टनर्स आले, मग आयझोटोप आणि प्लगइन अलायन्सला (या सगळ्या प्लगइन, म्हणजे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये जोडायचे इफेक्ट आणि वाद्यं, बनवणाऱ्या) एकत्र आणून 'साउंडवाइड' असं नाव ठेवलं आणि थोड्याच काळात ते नाव सोडून परत नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सच केलं. या पाटीबदलावर किती मीटिंगा झाल्या असतील देव जाणे.

फंडवाला मालक आला की भाडं सुरू होतं असा समज आहे, तो अर्धाच खरा. भाडं मालक न बदलता पण येतं. मार्च २०२३ मध्ये प्लगइन बनवणाऱ्या वेव्हजने कायमची लायसन्स बंद, आता फक्त सबस्क्रिप्शन असं जाहीर केलं, जगभरातून एवढा आरडाओरडा झाला की काही दिवसांत मागे घ्यावं लागलं. तिथे कुठली विक्री नव्हती.

आणि मालक चांगला असला तरी दार बंद होऊ शकतं. स्टाइनबर्गचंच घ्या, लायसन्स तपासायची जुनी ई-लायसेन्सरची पद्धत २०२२ मध्ये क्यूबेस १२ पासून बदलली आणि मे २०२५ मध्ये ती जुनी सेवा बंद झाली. आधी सांगून, मुदत देऊन, हे खरं. पण जुन्या व्हर्जनवर बसून राहिलेल्यांची पंचाईत झालीच. यामाहाच मालक होती तेव्हाही.

आता माझ्या टेबलावरचं एक सांगतो. कंपनीचं नाव घेत नाही, कारण मुद्दा कंपनीचा नाहीये. २०१० मध्ये एका वारकरी गायकांचे अभंग रेकॉर्ड केले होते, बारा ट्रॅक, पखवाज, टाळ, वीणा, पेटी आणि आवाज. २०१९ मध्ये त्यांचा मुलगा आला, बाबा गेलेले, त्याला ते परत काढायचं होतं आणि म्हणाला "पखवाज जरा पुढे घ्या ना काका, बाबा तेव्हा पण म्हणत होते." कपाटातून हार्डडिस्क काढली, नशिबाने फिरली. सेशन उघडलं. सगळे टेक दिसतायत, पण आवाजाच्या ट्रॅकवरचे दोन प्लगइन राखाडी, त्यातला एक सूर सुधारणारा. ती कंपनी मध्ये दुसऱ्या कुणी घेतली होती, नवीन मालकाने ते प्रॉडक्ट बंद केलेलं, अ‍ॅक्टिव्हेशनचा सर्व्हर बंद. म्हणजे गाण्यात जिथे जिथे मी सूर सावरला होता तिथे तिथे मूळ आवाज, मूळ सुरात, जसा होता तसा. दुसरा प्लगइन रिव्हर्बचा, त्याच्या सेटिंगचा कुठे कागद नाही. आणि फाइलींची नावं? 'ऑडिओ १_०७', 'ऑडिओ ४_२२ नवीन', 'ऑडिओ ४_२२ नवीन शेवटचा'. कुठला टाळ आणि कुठली वीणा हे ऐकून शोधायला एक दुपार गेली.

शेवटी कशाने वाचलो? २०१० चा फायनल मिक्स होता, आणि सुदैवाने तेव्हा गायकांनी घरी सराव करायला म्हणून आवाज सोडून बाकीचा वेगळा मिक्स मागितला होता, तो पण होता. पूर्ण मिक्समधून वाद्यांचा मिक्स उलटा करून वजा केला, जो आवाज उरला तो, आणि त्याच्याशी नव्याने मिक्स केलेली वाद्यं. शंभर टक्के स्वच्छ नाही झालं, टाळाच्या जागी थोडं खरखरतं. मुलाला कळलं नाही, मला अजून ऐकू येतं.

त्या दिवसापासून काम संपलं की बिल करायच्या आधी मी एक तास घालवतो. प्रत्येक ट्रॅक शून्यापासून शेवटपर्यंत एकसंध, २४ बिट वेव्ह, एकदा कोरडा आणि एकदा प्लगइनसकट. नावं मराठीतच पण रोमन अक्षरांत, म्हणजे कुठल्याही मशीनवर फुटणार नाहीत. टेम्पो, पट्टी, सॅम्पल रेट एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये. मिडी असेल तर मिडी वेगळी. महत्त्वाच्या प्लगइनचा स्क्रीनशॉट. दोन डिस्क, एक स्टुडिओत, एक घरी. हे केलं की कंपनी अ‍ॅपलने घेवो, यामाहाने घेवो नाहीतर शेजारच्या किराणावाल्याने, मला कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये सगळं एका रेषेत टाकून काम सुरू करता येतं.

याच्या जोडीला प्रोजेक्ट फाइल किती उघडी आहे ते बघतो. रीपर या दुसऱ्या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरची प्रोजेक्ट फाइल नोटपॅडमध्ये उघडून बघा एकदा, ट्रॅकची नावं, व्हॉल्यूम, कुठली क्लिप कुठे, सगळं वाचता येतं. डीएडब्ल्यूप्रोजेक्ट म्हणून एक फॉरमॅट बिटविग आणि प्रीसोनसने मिळून २०२३ मध्ये आणला, वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये सेशन ने-आण करायला, आणि क्यूबेस १४ पासून तो क्यूबेसमध्येही आला. सगळं जसंच्या तसं जात नाही, प्रत्येकाचे स्वतःचे इफेक्ट मागे राहतात, पण क्लिप, फेडर, ऑटोमेशन जातं. माझ्या दृष्टीने विकत घेताना हा मुद्दा 'मालक कोण' याच्या वर आहे.

बरं, तरी तुम्ही विचारलंतच, तर अंदाज सांगतो. हे सगळं 'बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी' आहे हे लक्षात ठेवा, उद्या खोटं ठरलं तर मला टॅग करू नका.

अ‍ॅव्हिड परत विकली जाणार, हे मी जवळपास ठामपणे म्हणेन, कारण फंडाने घेतलेली वस्तू विकायलाच घेतलेली असते. प्रश्न एवढाच की अख्खी विकतात की तुकडे करून. व्हिडिओ एडिटिंगची मीडिया कंपोझर एकाला आणि प्रो टूल्स दुसऱ्याला, असं झालं तर मला नवल नाही वाटणार. आणि तरी प्रो टूल्स मरणार नाही, कारण अंधेरीतल्या मिक्सिंग रूमपासून हॉलिवूडपर्यंत लोक एकमेकांना तीच सेशन पाठवतात, सवय ही सगळ्यात मोठी मालमत्ता आहे. त्याला खरा धोका ब्लॅकमॅजिककडून. त्यांनी २०१६ मध्ये फेअरलाइट हे ऑडिओचं सॉफ्टवेअर घेतलं आणि पुढच्याच वर्षी आपल्या रिझॉल्व्ह या व्हिडिओ एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये घालून टाकलं, फुकटच्या व्हर्जनमध्ये सुद्धा. कॅमेरे विकणाऱ्याने ऑडिओ फुकट वाटला तर ऑडिओ विकणाऱ्याने काय करायचं?

अ‍ॅपल मोठं सॉफ्टवेअर आता घेणार नाही असं वाटतं, गरजच नाही. ते छोटी दुकानं उचलतात, २०१५ मध्ये कॅमल ऑडिओ घेतली आणि त्याच वर्षी तिचा अल्केमी सिंथ लॉजिकमध्ये दिसला. स्पॉटिफाय वगैरे स्ट्रीमिंगवाल्यांबद्दल लोक बोलतात, पण त्यांनी साउंडट्रॅप हे ऑनलाइन रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर २०१७ मध्ये घेऊन बघितलं आणि २०२३ मध्ये संस्थापकांनाच परत दिलं, हात पोळलेला माणूस इतक्यात परत तव्याला लावत नाही. वाद्य-इंटरफेसवाले मात्र घेत राहणार, फेंडरने २०२१ मध्ये प्रीसोनस घेतली त्याचं कारण तेच. इंटरफेस माणूस एकदा घेतो आणि आठ वर्षं परत दुकानात येत नाही, सॉफ्टवेअर त्याला धरून ठेवतं.

मोठा खरेदीदार आला म्हणजे सौदा झालाच असंही नसतं हं. पायोनियर डीजेवाली अल्फाथीटा सेराटो घ्यायला निघाली होती, न्यूझीलंडच्या कॉमर्स कमिशनने जुलै २०२४ मध्ये नाही म्हणून सांगितलं, कारण दोन सगळ्यात मोठी डीजे सॉफ्टवेअर एका हातात आली असती.

एबलटन, इमेज-लाइन, मोटू, रीपर यांच्याबद्दल अंदाज बांधता येत नाही, कारण तिथे सगळं मूळ लोकांच्या मनावर आहे. रीपरवाल्या जस्टिन फ्रँकलने तर विकून झालेलं आहे, विनअ‍ॅप (गाणी ऐकायचा जुना प्लेअर) त्याचंच, १९९९ मध्ये एओएल या इंटरनेट कंपनीला विकलं, मोठ्या कंपनीत काही वर्षं काढली, २००४ मध्ये बाहेर पडला आणि मग रीपर बनवलं जे घरगुती माणसाला साठ डॉलरला मिळतं. ज्याने एकदा मालक बघितलाय तो दुसऱ्यांदा सहज विकेल असं मला वाटत नाही. पण अशा कंपन्यांची जोखीम वेगळी, फंड येणार नाही पण माणूस थकू शकतो. त्याची बातमी पेपरात येत नाही.

तर तुमचं काय करायचं. तीन वर्षं क्यूबेसवर हात बसलाय, यामाहासारखा मालक वीस वर्षं टिकलाय, काम भजनाचं आणि लोकलचं आहे, मी असतो तर क्यूबेसवरच राहिलो असतो. चाळीस हजार सगळे त्यात घालू नका. मधलं आर्टिस्ट व्हर्जन तुमच्या कामाला भरपूर आहे, सगळ्यात मोठ्या प्रोमधल्या ज्या गोष्टींसाठी लोक जास्त पैसे भरतात त्यातल्या निम्म्या तुम्ही वर्षात एकदा पण उघडणार नाही. एआय असल्यामुळे नवं घ्यायच्या ऐवजी अपग्रेडचा दर लागतो का ते त्यांच्या साइटवर लॉगिन करून बघा, बहुतेकदा कमी असतो. उरलेल्यातून दोन हार्डडिस्क. रीपर बाजूला टाकून ठेवा, साठ दिवस ट्रायल आहे, जुन्या सेशनचे स्टेम, म्हणजे प्रत्येक ट्रॅकची वेगळी वेव्ह फाइल, काढून ते तिथे उघडतात का एवढं करून बघा, आवडलं तर पैसे भरा. मुंबईचं फिल्मचं काम आलं तर त्या महिन्यापुरतं प्रो टूल्सचं सबस्क्रिप्शन घ्या आणि ते बिलात लावा, हे भाड्याचं एकमेव सुख आहे.

आणि आत्ता ऑगस्ट-सप्टेंबर असेल तर दोन महिने थांबलात तरी चालेल. गेली काही वर्षं क्यूबेसचं नवं व्हर्जन नोव्हेंबरमध्ये येतंय, त्याच्या थोडं आधी जुनं अ‍ॅक्टिव्हेट केलेल्यांना नवं फुकट मिळतं, पण ती तारीख ते नंतर जाहीर करतात, त्यामुळे लायसन्स घेऊन ठेवा आणि अ‍ॅक्टिव्हेट मात्र नवं आल्यावरच करा. तोपर्यंत जुन्या तीन वर्षांच्या भजनांचे स्टेम काढायला घ्या, पहिल्या दोन सेशनलाच कळेल किती फाइलींची नावं 'ऑडिओ १' आहेत ते.